कंसांनी गिळलेली ओळ

नमिता मढवी महाप्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूला, काशीबाईंना, लग्नानंतर इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या घरात नमिता सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडून बसली, की काशीबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "दिसभर त्या डब्यान काय शोधतंस गो?"

"चुका," नमिता म्हणायची.

"कोनाच्या?"

"मशीनच्या."

"मंग मशीनलाच सांग ना त्या चुका काराला," काशीबाई म्हणायच्या आणि पुन्हा भाजीकडे वळायच्या.

खरं तर हे काम नमिताच्या आयुष्यात आडवाटेने आलं. आधी ती सेक्टरातल्या मार्केटमध्ये एका लग्नपत्रिकांच्या दुकानात टायपिंग करायची. तिथे जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये घेतला, की रफार उडायचे आणि जोडाक्षरं फुटायची. हर्षदचा हषद होऊन पत्रिका छापून गेली, की दुसऱ्या दिवशी मुलाचे मामा काउंटरवर उभे. नमिताला अशा फुटलेल्या अक्षरांची नजर तिथेच बसली. पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवायला लागले, दुकानाचं शटर खाली आलं, आणि नमिताने नवऱ्याच्या, रूपेशच्या, आग्रहाने एक कोर्स केला. मुलाखतीत कंपनीच्या अंकुश सरांनी तिला घोळ घातलेलं एक पान दिलं आणि म्हणाले, "यात काय चुकलंय?" तिने चहा येईपर्यंत पान सरळ करून दिलं. नोकरी लागली.

कंपनीचं सॉफ्टवेअर थंड कंटेनरांवर नजर ठेवायचं. न्हावा शेव्याला फळं, मासळी, औषधं घेऊन जे गार कंटेनर उभे असतात, त्यांच्या आतलं तापमान चढलं की मालकाच्या फोनवर इशारा जायचा. तो इशारा वेळेवर जातो की नाही, हे तपासायला कंपनीने बंदराजवळच्या एका खासगी यार्डात एक कंटेनर भाड्याने घेऊन ठेवला होता. त्याच्यावर काय काय करून बघायचं, त्याच्या पायऱ्या लिहायचे राजवर्धन निकम.

राजवर्धन साताऱ्याकडचे. माणूस कामात चोख, बोलण्यात करकरीत. यार्डातल्या चाचण्या मराठीतच लिहायच्या, हा त्यांचा हट्ट. "दार उघडणारी माणसं मराठी, मशीन चालू करणारी मराठी, मग कागदाला काय झालं?" असं त्यांनी अंकुश सरांना सुनावलं होतं. मात्र त्यांच्या मराठीत शब्द कमी आणि चिन्हं फार. 'पेक्षा कमी' लिहायचा कंटाळा, म्हणून एक टोकदार कंस. 'पासून' आणि 'पर्यंत' लिहायचा कंटाळा, म्हणून एक बाण. बाण म्हणजे आडवी रेघ आणि तिच्या पुढे तसलाच टोकदार कंस, उलट्या तोंडाचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अंकुश सरांनी ठरवलं, की या सगळ्या जुन्या फायली वेबसाइटवर चढवायच्या, म्हणजे यार्डातला माणूस फोनवर उघडून वाचेल. एका बदलयंत्राने, म्हणजे फायलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, सगळ्या फायली गिळल्या आणि पलीकडून पानं बाहेर काढली. ती पानं बघून नमिताला लग्नपत्रिका आठवल्या. वेबच्या पानात मजकुराच्या आजूबाजूला खुणा असतात, इथून अक्षर ठळक, इथे ठळक संपलं. एखादी संपायची खूण हरवली, की तिथून शेवटापर्यंत पान नुसतं ओरडत सुटतं. एका पानात पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत सगळं तिरकं झालं होतं. दुसऱ्यात तक्ता कोसळून सगळ्या रकान्यांचा एक ढीग झाला होता. कुठे शब्दाशब्दाला तारे, कुठे ओळीच्या सुरुवातीला उगीच आकडे.

नमिताला मजाच आली. हेडफोनवर गाणी लावायची, पानावरून नजर फिरवायची, वाकडं दिसलं की खूण शोधायची, बंद करायची. एक खूण बंद केली, की अख्खं पान शहाण्यासारखं गप्प बसायचं. मे उजाडेपर्यंत तिने सगळी पानं साफ केली. अंकुश सरांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. त्या आनंदात तिने घरी येताना सगळ्यांसाठी कलिंगड आणलं.

पुढच्याच आठवड्यात विपुल यार्डात गेला. विपुल कंपनीत नवा लागलेला टेस्टर, करावे गावचा, लिहिलेल्या शब्दाला पक्का. राजवर्धन गावच्या जत्रेहून नुकतेच परतले होते आणि सकाळपासून ग्राहकाच्या मीटिंगमध्ये अडकले होते, म्हणून चाचणीला तो एकटाच गेला. दुपारी जेवणाच्या सुमाराला त्याने नमिताला फोन लावला.

"मॅडम, ती दाराची टेस्ट करतोय. दार उघडंच ठेवायचं ना?"

नमिताने पान उघडलं. स्वच्छ, सरळ, तिनेच तपासलेलं पान. तिने मोठ्याने वाचलं, "दार उघडं ठेवा, तापमान ४ होईपर्यंत वाट पाहा."

"हां, तेच लिहिलंय इथे पण."

"मग तसंच कर."

"बरं," विपुल म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी ट्रेलरचा हॉर्न वाजत होता.

नमिताने डबा उघडला. जेवली. राजेश्वरी नावाच्या नव्या मुलीला सुट्टीचा अर्ज कसा भरायचा ते दाखवलं. चहाच्या वेळेला पुन्हा विपुलचा फोन. या वेळी आवाज बारीक.

"मॅडम, तापमान चार होत नाहीये."

"मग किती आहे?"

"चौतीस. आणि मशीन गरम होऊन बंद पडलंय. आणि... मॅडम, आत श्रीखंड आहे."

"श्रीखंड? आपण तर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या ना?"

"बाटल्या पुढे आहेत. मागे डबेच डबे आहेत. यार्डाच्या मालकांनी ठेवलेत. त्यांच्या मुलीचं लग्न आहे."

फोन ठेवल्यावर नमिताने पहिल्यांदा ते वाक्य चिन्हं न शोधता वाचलं. मे महिना, उरणचं ऊन, दार सताड उघडं, आणि तापमान चार व्हायची वाट पाहायची. तिने जुन्या संगणकावरची राजवर्धन यांची मूळ फाइल उघडली. तिथे लिहिलं होतं, 'दार उघडं ठेवा, तापमान < ८ असेपर्यंत. मग दार लगेच लावा. तापमान ८ -> ४ होईपर्यंत वाट पाहा.'

तिने कपाळावर हात ठेवला. वेबच्या पानात टोकदार कंस उघडला की खूण सुरू झाली, आणि उलटा कंस दिसला की खूण संपली. बदलयंत्राने राजवर्धन यांचा 'पेक्षा कमी' उघडता कंस धरला आणि बाणाचं टोक मिटता. मधलं सगळं, दार लावायच्या सूचनेसकट, खूण समजून पुसून टाकलं. उरलेली दोन टोकं एकमेकांना इतकी झकास चिकटली, की व्याकरणालाही शंका येऊ नये. नमिता वाकड्या पानांच्या मागे धावत राहिली, आणि हे गुणी दिसणारं पान तिच्या हाताखालून निघून गेलं.

अंकुश सरांच्या केबिनमध्ये स्पीकरवर विपुलची खरडपट्टी चालू होती. "अरे, लिहिलेलं असलं तरी डोकं वापरायचं की नाही? दार उघडं ठेवून फ्रिज गार होतो का कधी?"

नमिता आत गेली आणि दार न लावताच म्हणाली, "सर, त्याला नका बोलू. त्याने मला विचारलं होतं. मीच हो म्हणाले."

मग तिने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. अंकुश सर बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"हे मला पण कळलं नसतं," ते शेवटी म्हणाले. "पण आता ते यार्डाचे मालक गोटीराम घरत मला फोनवर फोन करतायत. तुम्ही जा आणि मिटवा."

ती कंपनीच्या गाडीत मागे बसली, तेवढ्यात पलीकडचं दार उघडून राजवर्धन येऊन बसले. तोंड आंबट. मीटिंग संपता संपता त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. पाम बीच रस्ता संपून गाडी उलव्याकडे लागली.

"माझा बाण नडला म्हणे," राजवर्धन म्हणाले.

"बाण नाही नडला. मी वाचलं नाही, ते नडलं. मी फक्त बघितलं."

"तरी पण. तीन शब्द लिहायला मला काय धाड भरली होती?"

नमिताने खिडकीची काच खाली केली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बंदराच्या रस्त्याला ट्रेलरांची रांग लागली होती, आणि ड्रायव्हर चाकांच्या सावलीत सतरंज्या टाकून पडले होते. थोड्या वेळाने राजवर्धन म्हणाले, "सर विपुलला लई बोलले का?"

"बोलले थोडं."

"बघतो मी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच नमिताला हा माणूस जवळचा वाटला.

यार्डात कंटेनरच्या सावलीत विपुल उभा होता, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत गोटीराम घरत. अंगाने आडवे, गळ्यात जाड चेन, मांडीवर श्रीखंडाचा एक उघडा डबा. नमिताने काही सुरू करायच्या आत त्यांनी डबा तिच्यापुढे धरला.

"बघा. श्रीखंडाची लस्सी झाली. माज्या पोरीच्या जेवनाचा हाय हा."

"काका, चूक आमची आहे," नमिता म्हणाली. "कागदावरची ओळ पुसली गेली होती, आणि ती मी तपासली होती. ह्या पोराचा काही दोष नाही."

गोटीरामांनी डबा पुन्हा मांडीवर ठेवला. बहुधा त्यांची भांडायची तयारी होती, आणि समोरून भांडण आलंच नाही. राजवर्धन यांनी मात्र हळूच विचारलं, "पण मालक, आमच्या चाचणीच्या डब्यात तुमचं श्रीखंड आलं कसं?"

गोटीरामांनी चेन जरा सरळ केली. "आता तुमचा डबा गार, रिकामा, आनि माज्याच दारात. मना वाटला, तुमच्या पान्याच्या बाटल्यांना सोबत होईल."

विपुल फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. पण तोवर गोटीराम स्वतःच हसायला लागले होते. त्यांचं पोट हललं, खुर्ची हलली.

"तुमी पन चुकलाव, आमी पन चुकलाव," ते म्हणाले. "आता सांगा, याचा काय कराचा? उद्याला आंबेल."

नमिताने डब्यात बोट बुडवून चाखलं. पातळ झालं होतं, पण वेलदोड्याचा वास तसाच होता, आंबटपणा अजून चढला नव्हता. "आज संपवायचं," ती म्हणाली. "बाहेर एवढी रांग लागलीये."

पुढचा तासभर यार्डाच्या फाटकावर जे झालं, ते नमिताने घरी सगळ्यांना रंगवून सांगितलं. टपरीवाल्याने पावाच्या लाद्या आणल्या. कुणी चहाच्या ग्लासात श्रीखंड घेतलं, कुणी डब्याच्या झाकणात, एका पंजाबी ड्रायव्हरने आपला स्टीलचा तांब्याच पुढे केला. कस्टमचे कागद घेऊन पळणारा एजंट थांबला, खाल्लं, फाइलवर सांडलं, पुसलं आणि पुन्हा पळाला. राजवर्धन बाह्या दुमडून पळीने वाढत होते. विपुलला त्यांनी सगळ्यात आधी वाढलं. गोटीराम खुर्चीवरून हुकूम सोडत होते, "त्या मागच्या गाडीला द्या. तो सकालपासून उभा हाय." लग्नाआधीच त्यांच्या पोरीची पंगत उठली होती, आणि त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं.

निघताना ते म्हणाले, "डेरीवाला परवा नवा माल धाडतोय. तो कुठं ठेवू?"

राजवर्धन यांनी नमिताकडे पाहिलं. नमिताने अंकुश सरांना फोन लावला. सर आधी नाही म्हणाले, मग गोटीरामांशी बोलले, मग हो म्हणाले. लग्न होईपर्यंत त्या कंटेनरवर एकही चाचणी झाली नाही, आणि विपुल रोज संध्याकाळी दार नीट लागलंय का, हे बघून यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

पानं मात्र पुन्हा तपासावी लागली. या वेळी नमिताने हेडफोन बाजूला ठेवले. राजवर्धन मूळ फाइल घेऊन बसायचे, ती वेबचं पान, आणि कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं आळीपाळीने मोठ्याने वाचायचे. येणारे-जाणारे थांबायचे, पोथी चाललीये का विचारायचे. गिळलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या. एका ठिकाणी जोर यावा म्हणून 'बंद करून' टोकदार कंसांत घातलं होतं, तिथे 'मशीन बंद करून हात आत घाला' याचं 'मशीन हात आत घाला' झालं होतं, ते निदान विचित्र दिसत होतं. दुसऱ्या ठिकाणी मालकाला इशारा पाठवायची अख्खी पायरी गायब होती, आणि वाक्य इतकं गोंडस, की राजवर्धन स्वतः फसले.

"हे मीच लिहिलंय असं वाटतं," ते म्हणाले.

"तुम्ही एवढं सरळ कधी लिहिता?" नमिता म्हणाली, आणि मग जीभ चावली. पण राजवर्धन खो खो हसले. दुसऱ्या दिवसापासून ते 'पासून', 'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी' अक्षरात लिहायला लागले. कुरकुरत, पण लिहायला लागले.

शेवटचं पान संपलं त्या दिवशी अंकुश सर टेबलापाशी आले. म्हणाले, "एक कानावर घालतो. दिवाळीनंतर नवी सिस्टिम येतेय. सगळं परत बदलावं लागेल."

राजवर्धन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नमिताने उरलेला चहा संपवला.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण चढवायच्या आधी आम्हाला वाचायला द्या."