येसूभाऊंच्या वडिलांनी मला उभं केलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मधे नको. आयुष्यात मी एकच निवडणूक लढवली, आणि तीसुद्धा एका मेलेल्या माणसाच्या सांगण्यावरून! अहो खरंच. चहा घ्या, सांगतो.

दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, नळाला पाणी आलं तर आलं, आणि नगरमध्ये ज्याला बघावं तो राजकारणावर बोलायचा. त्या सगळ्यांत पुढे मी! कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज लोकांचे, मतं माझी. दिल्लीचं कुठं चुकलं, मुंबईनं काय करायला हवं होतं, नगरपालिकेत एकाला तरी अक्कल आहे का, हे सगळं मी रोज फुकट सांगायचो. "एखादा शिकलेला माणूस उभा राहिला पाहिजे हो!" हे माझं ठरलेलं वाक्य. कोणता शिकलेला माणूस, ते मात्र मी कधी बोललो नव्हतो. बायकोजवळसुद्धा नाही.

आमचे शेजारी येसूभाऊ. त्यांचं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, आपण वॉर्डातून उभं राहायचं. आणि त्यांच्या बायकोच्या, सरूवहिनींच्या, मनात ते अजिबात नव्हतं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनपर्यंत मुदत. बाराच्या सुमारास येसूभाऊ माझ्याकडे आले.

"दत्तोपंत, अर्ज तयार ठिवा. पर नाव घालू नका अजून. बापाला इचारतो."

"कुणाच्या बापाला?"

"माज्याच की!"

आता येसूभाऊंच्या वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "हिच्या बहिनीनं नेवाशाला शिकवलंय हिला. वाटी फिरवून बोलावत्यात. चला, तुमी बी बोट ठिवा. शिकलेलं मानूस पायजे संगं."

प्लँचेट हो! त्या काळी घरोघर तेच खूळ होतं. मी भरपूर हसलो. हसलो, पण गेलो. त्यातच घात झाला.

येसूभाऊंच्या मधल्या खोलीत खिडकीला घोंगडी अडकवली होती. बाहेर मरणाचं ऊन आणि आत एक समई. पाटावर खडूनं गोल अक्षरं लिहिलेली, एका बाजूला 'हो', एका बाजूला 'नाही', मधोमध उपडी वाटी. वाटीवर तिघांची बोटं: येसूभाऊंचं, सरूवहिनींचं आणि माझं. तिघांनीही डोळे मिटायचे. अक्षरं वाचायला आमची कुसुम, म्हणजे माझी बायको, समईजवळ बसली होती.

"मामंजी, आला असाल तर वाटी हलवा," सरूवहिनी हळूच म्हणाल्या.

काही नाही. गल्लीत कुणीतरी हापसा मारत होतं, तोही थांबला. इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. आणि मग, देवाशप्पथ सांगतो, बोटाखाली वाटी थरथरली!

"दादा," येसूभाऊंनी विचारलं, "मी उभा ऱ्हाऊ का?"

वाटी सरकली. पाटावर पितळ घासल्याचा तो आवाज! आजही आठवला तर काटा येतो.

"नाही," कुसुमनं वाचलं.

येसूभाऊंनी एवढा मोठा उसासा सोडला की समई विझते की काय असं वाटलं. मला त्यांचं वाईट वाटलं. खरं सांगू? थोडंसंच वाटलं.

"मग कोन?" त्यांनी विचारलं.

वाटी परत निघाली. आता तर ती धावतच होती! माझं बोट नुसतं तिच्यामागून फरफटत चाललं होतं. कुसुम एकेक अक्षर वाचत होती.

"द... त... त..."

जे मी झोपेतसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं, ते या म्हाताऱ्याला वर बसून कसं कळलं?

"कोणता दत्ता?" मी विचारलं. "आपल्या गल्लीत दोन आहेत."

वाटी क्षणभरसुद्धा थांबली नाही.

"श... क... ल... ल..." कुसुमचा आवाज जरा विचित्र येत होता. "शिकलेला."

मी डोळे उघडले तेव्हा तिघंही माझ्याकडे बघत होते. येसूभाऊंनी मला हात जोडले. "बापाचा शबुद हाय, दत्तोपंत. न्हाई म्हनू नका."

मी तीनदा नाही म्हणालो. आणि मग सायकलवर टांग मारून नगरपालिकेच्या कचेरीकडे असा सुटलो की चप्पल रस्त्यातच राहिली. तीनला दहा कमी असताना अर्ज दाखल! सूचक म्हणून सही येसूभाऊंची.

समोर उमेदवार कोण, तर गल्लीच्या टोकाचा लाकडाच्या वखारीवाला. मी त्याला मोजतच नव्हतो. माझ्यामागे कोण उभं आहे हे त्याला कुठं ठाऊक होतं? घरोघर हिंडताना मला पाठीशी कुणीतरी चालतंय असं वाटायचं. वळून बघावं तर कुणी नसायचं. भीती वाटायची, पण बरंही वाटायचं हो. आपलं माणूस आहे म्हणायचं.

मतदानाच्या दिवशी भर दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मी उभा होतो. तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक म्हातारा काठी टेकत आला. माझ्यापाशी थांबला, खांद्यावर हात ठेवला आणि मतदानाच्या खोलीत शिरला. हात बर्फासारखा गार होता! बाहेर पडताना तो मला दिसलाच नाही.

मी तेव्हाच मनात गुलाल उधळला.

निकाल लागला. मला मतं किती? चार.

चार! घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर कुसुम, येसूभाऊ आणि सरूवहिनी. शेवटी मला राहवेना.

"मांडा तो पाट! म्हाताऱ्याला विचारतो, माझी अशी फजिती का केलीस?"

सरूवहिनींनी पदर तोंडाला लावला. "भावजी, रागवू नका. पयलं 'न्हाई' मी ढकललं हुतं. ह्यांना उभं ऱ्हाऊ द्यायचं नव्हतं मला. त्येच्यानंतर मी बोट काढून घेतलं."

"मग येसूभाऊ, तुम्ही?"

"मला शिंक येत हुती," येसूभाऊ म्हणाले. "मी बी काढलं."

मी कुसुमकडे बघितलं. ती सगळं उघड्या डोळ्यांनी बघत होती की!

"वाटीवर तुमचं एकट्याचंच बोट होतं," ती म्हणाली. "आणि वाटी नुसती पळत होती. म्हटलं, इतक्या वर्षांचं पोटातलं आहे, एकदाचं बाहेर येऊ दे."

लाज वाटली. फार लाज वाटली. वाटी मी ढकलली नव्हती हो, अजूनही शपथ घेईन! पण माझ्या बोटानं ढकलली होती.

"बरं, म्हणजे म्हातारा आलाच नव्हता," मी म्हणालो. तेवढाच धीर.

येसूभाऊंनी खिशात हात घातला. मतदानाच्या दिवशी ते माझे एजंट म्हणून खोलीत बसले होते. अधिकारी नंबर पुकारायचा आणि हे मतदारयादीत त्या नंबरावर खूण करायचे, नाव न बघता. ती यादी त्यांनी खिशातून काढली, माझ्यापुढे धरली आणि एका नावावर बोट ठेवलं. त्यांच्या वडिलांचं नाव. यादीतून कुणी काढलंच नव्हतं. आणि त्यापुढे ठसठशीत खूण, मतदान झाल्याची!

माझ्या खांद्यावर तो गार हात परत आला.

"पण मला तर चारच मतं," मी कसाबसा म्हणालो. "तुमची तीन नक्की ना?"

तिघांनी समईवर हात ठेवून शपथ घेतली. चौथं माझं.

म्हणजे म्हातारा वाटीत आला नव्हता, पण मतदानाला मात्र आला होता. आणि मत देऊन गेला वखारीवाल्याला.