नाक्यावरचा ढवळ्या

बोर्डाखाली चपलांची रांग होती. मोटारीतून उतरले तेव्हा आधी ती दिसली, मग वरचा हार, मग बैलाच्या कपाळावर फासलेली विभूती. मी जागीच थांबले. तो बैल आमच्या शेडमध्ये रंगवलेला होता आणि त्याच्या खाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं : ढवळ्या छाप बिडी.

निजामशाही जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बीदरला जाहिरातीचे बोर्ड रंगवायचा आमचा धंदा नवऱ्यामागं मी चालवत होते. हुमनाबादचा नाका ही आमची सगळ्यात चांगली साइट. बीदर, कलबुर्गी, कल्याणी, कुठंही जा, मोटार इथं थांबणारच. थांबली की लोक बोर्ड वाचणारच.

आदल्या दिवशी बिडीचे शेठ शेडमध्ये येऊन ओरडले होते. "बाई, काय करून ठेवलंत? बोर्ड लागला आणि माल उठंनाच! दुकानदार म्हणायलेत, गिऱ्हाईक बंडलाला हात लावत न्हाई. आठ दिवसांत निस्तरलं न्हाई तर माझे सगळे बोर्ड दुसऱ्याकडं."

सगळे म्हणजे आमच्या निम्म्या साइट्स. म्हणून पेंटर शिवप्पांना घेऊन मी आले होते. माझ्यासमोर कलबुर्गीच्या मोटारीचा ड्रायव्हर खाली उतरला, बैलाला हात जोडले आणि गाडी घेऊन गेला.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, "बिडी कामून खपत नाही?"

"अक्का, बंडलावर हाच बैल हाय. बसवण्णाचा, नंदीदेवाचा कागद पायाखाली टाकायचा व्हय? त्याच्या नावाची बिडी पेटवून ओढायची व्हय?"

"अहो, पण ही जाहिरात आहे!"

"होती," तो म्हणाला.

मी शिवप्पांकडे बघितलं. ते बोर्डाकडे बघत नव्हते.

"अप्पा, तुम्ही इथं काय केलंत?"

इथं कामाची पद्धत सांगायला हवी. मोठा बोर्ड एका पत्र्यात होत नाही. शेडमध्ये तुकड्यांवर चित्र काढायचं, गाडीतून तुकडे न्यायचे, खांबांवर ठोकायचे. सांधा तोंडातून जात असेल तर डोळे साइटवरच काढायचे, नाहीतर जनावर चकणं दिसतं. शिवप्पांचं घराणं देवळातल्या मूर्ती रंगवणारं. त्यांच्यात डोळे काढायच्या आधी मूर्तीला आरसा दाखवतात. पहिली नजर आरशावर पडायची. मग नारळ फोडला, की मूर्तीत देव आला.

"आरसा दाखवला," ते म्हणाले. "सवयच हाय, अक्का. नारळबी फोडला. बाजाराचा दिवस होता."

"किती लोक होते?"

"सगळेच होते की."

भर बाजारात, तिन्ही रस्त्यांच्या देखत, माझ्या माणसानं बिडीच्या जाहिरातीत देव आणला होता!

"पांढऱ्या रंगाचा डबा काढा," मी म्हणाले. "डोळे बुजवा."

"दिलेली नजर मी न्हाई काढणार. कामावरून काढा पाहिजे तर."

मग मीच ब्रश घेतला आणि शिडीवर चढले. दोन पायऱ्या झाल्या असतील. परडी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझा घोटा पकडला.

"उतर खाली. जित्या डोळ्यावर रंग फासायलीस? तुला लेकरंबाळं हायत का न्हाई?"

मागं पाचपन्नास माणसं उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. मी उतरले.

"अक्षरं पुसलेली चालतील का?" मी विचारलं.

"ती कवाच पुसायची होती," म्हातारी म्हणाली. "देवाच्या पायापाशी बिडी लिहितं व्हय कुणी?"

शिवप्पांनी अक्षरं पुसली. त्या कामाला त्यांची ना नव्हती.

संध्याकाळी शेठना जाऊन सांगितलं. "म्हणजे माझा ट्रेडमार्क देव झाला?"

"झाला. या भागापुरता बंडलावर दुसरा छाप घ्या. ज्याला तोंड नाही असा."

त्यांनी छाप म्हणून बैलगाडीचं चाक घेतलं. त्याचा नवा बोर्ड मी कलबुर्गीच्या रस्त्यावर लावून दिला. माल हळूहळू उठू लागला आणि शेठ आमच्याकडेच राहिले. नाक्याची साइट मात्र गेली ती गेलीच. माझ्या खांबांवर, माझ्या पत्र्यावर आता मांडव आहे.

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये डोळे आधी काढतात. सांधा तोंडातून जात असेल तर चित्र लहान करतात. आणि गाडी साइटवर निघताना शिवप्पांच्या पेटीत आरसा नाही ना, हे मी स्वतः बघते.