का कापलं, ते विचार

आक्का गेल्याचा निरोप आमच्या गावाहून, तिकोणा पेठेतून, तळेगावला आला, तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा उतरवला आणि खाली बसले. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, त्यामुळे रडण्यासारखं काही नव्हतं... पण माझी ही थोरली जाऊ कोण होती, ते सांगायला हवं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. माझी पहिली मुलगी पुण्यात पोट कापून झाली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, हिची वाट अरुंद आहे, ही या वेळी वाचत नाही. मीही तेच धरून बसले. आक्कानं मला बैलगाडीत घातलं आणि लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पहिल्या वेळी का कापलं?" बाईंनी विचारलं.

"वाट अरुंद म्हणून," मी म्हटलं.

"काय बी सांगू नगंस," आक्का मला म्हणाली. "बाई, प्वार आडवं व्हतं. मी तवाच तितल्या डाक्टरास्नी इचारलं. टाकं पिकलं न्हाईत, ताप बी न्हाई आला."

बाईंनी नीट तपासलं. वाट चांगली रुंद होती आणि या वेळी बाळाचं डोकं खाली होतं. "बहुतेक आपसूक होईल," त्या म्हणाल्या. "पण कळांनी जुनी शिवण उसवली, तर मला लगेच कापावं लागेल. शेवटचा महिना इथंच राहा."

तो महिना ऐन भातकापणीचा. सासूबाई भडकल्या. "मी घरातच बाळंत झाले न्हवं?"

"तुमचं प्वाट कुनी कापलं न्हवतं, आत्याबाई," असं म्हणून आक्का भांडी बांधायला लागली. सासूबाईंना असं बोलायची छाती आमच्या घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

आम्ही दवाखान्यामागं खोली घेतली. एका सकाळी कळा सुरू झाल्या. बाईंनी हत्यारं उकळून ठेवली आणि त्या पुन्हा पुन्हा शिवणीवर हात ठेवून बघत राहिल्या. मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू... आक्का पाठ चोळता चोळता ओरडत होती, "कण्हतीस काय, जोर लाव!" दिवस कलताना मुलगा झाला. आपसूक.

"आता ती हत्यारं आत ठिवा, बाई," आक्का म्हणाली. मग बाहेर पायरीवर जाऊन बसली, ती बराच वेळ उठली नाही.

पुढं घरात कुणाचंही पोट कापलं की आक्का आधी विचारायची, का कापलं? पोरी वैतागायच्या. तिच्या तेराव्यानंतर माझ्या नातसुनेचं सीझर झालं. मी दवाखान्यात गेले, तर मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,

"आजी, विचारलं मी. बाळ पायाळू होतं."