युकुलेलेच्या पोटातलं लेबल

माझ्या नातवाच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी काचेचं कपाट आहे. त्यात खेळात मिळालेले दोन पेले, चिनीमातीच्या बदकांची एक जोडी आणि माझं युकुलेले ठेवलेलं आहे. पाहुणे आले की नातू ते बाहेर काढतो, पोटावरच्या भोकातून आत बघायला लावतो आणि सांगतो, "आजोबांनी तरुणपणी परदेशातून मागवलं होतं. ओरिजिनल जर्मन." पाहुणे एक डोळा मिटून आत बघतात, 'वा' म्हणतात आणि चहाकडे वळतात. या घरात या वाद्याबद्दल खोटं बोलायची सुरुवात मी केली, तेव्हा नातवाला काय बोलणार? पण आता ऐंशीच्या घरात आलो आहे. ते कुठून आलं, कसं आलं, हे एकदा लिहून ठेवतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. युकुलेले म्हणजे चार तारांची बुटकी गिटार. जाणत्या पुरुषाने ती छातीशी धरली की तो कुणाचं तरी मूल पळवून आणल्यासारखा दिसतो. तिच्यावर तीन ठिकाणी बोटं ठेवता आली की बहुतेक गाणी निभावतात. तेवढ्यासाठीच ती आमच्यासारख्यांना आवडली. सतारीला दहा वर्षं घासावं लागलं असतं.

आमच्यासारखे म्हणजे सोलापुरातल्या एका गिरणीतले चार कारकून. मी रंगाच्या कोठारावर होतो. परदेशी रंगांचे डबे मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, संध्याकाळी कानामागचा निळा रंग घासून काढायचा, एवढंच माझं काम. पण आमचा रुबाब बघायला हवा होता. पेठेत, घरच्या बोळात आम्ही खादीची टोपी घालून फिरायचो. गिरणीच्या क्लबाच्या फाटकाशी आलो की तीच टोपी घडी होऊन खिशात जायची आणि मधला भांग बाहेर यायचा. महिन्यातल्या एका शनिवारी आम्हा नेटिव्ह कारकुनांना क्लबाच्या मागच्या व्हरांड्यात चहाला बसू देत. त्या एका चहावर आम्ही महिनाभर ऐटीत जगायचो.

विणकाम खात्याच्या नव्या साहेबाच्या मडमेने ते वाद्य विलायतेहून आणलं होतं. एका शनिवारी तिने ते माझ्या हातात दिलं. माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी दारात चेंगरून ताठ झालेलं आहे, ते शेवटच्या पेरात वाकत नाही. त्यामुळे ते तारेपर्यंत पोचेना. मडम हसली. बाकीचे तिघे तिच्याहून जास्त हसले. त्याच क्षणी मी ठरवलं, की आपल्या बोटाच्या मापाचं वाद्य करून घ्यायचं. संगीताचा यात काही संबंध नव्हता. मला फक्त त्या तिघांकडे नसलेलं काहीतरी हवं होतं.

साखर पेठेच्या मागे, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, एक म्हातारा मुसलमान सुतार हातमागाचे धोटे करायचा. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड. तिथले लोक विणकराचा हात पाहून धोटा करून घेत. कुणाचा पंजा रुंद, कुणाची पकड सैल, त्याप्रमाणे लाकूड कमीजास्त तासायचं. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. क्लबात मडमेचं वाद्य तपकिरी कागदावर ठेवून मी पेन्सिल फिरवून आणली होती. तो कागद त्याच्यापुढे पसरला.

त्याने कागदाकडे पाहिलंच नाही. "हात बताव, बेटा," म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याने ताठ बोट दोन बाजूंनी दाबून पाहिलं. "ये कैसा हुआ?"

"दारात सापडलं."

"फिर मेमसाब का नाप तुमको नक्को. गला बारीक करना पडता." मग कागद उलटा करून त्याच्या पाठीवर त्याने माझा पंजा उतरवून घेतला.

मजुरी विचारली तर तो रंधा पुसू लागला. मग म्हणाला, धोट्याचं काम आता फार दिवस राहत नाही. गिरण्यांचे धोटे बोटीतून येतात, हातमाग बसत चाललेत. क्लबात बाजेवाले गोव्याचे मास्तर आहेत असं त्याने ऐकलं होतं. "मेरे काम को एक दफा उनके सामने रखना. बस. आगे मैं देख लेता." मी वचन दिलं. तेव्हा वचन द्यायला मला काहीच लागत नसे.

महिनाभर मी रविवारी तिथे जाऊन बसायचो. यंत्रांच्या खोक्यांची जुनी देवदारी फळी त्याने इतकी पातळ केली, की उन्हात धरली तर बोटांची सावली दिसावी. शिसवीच्या पट्ट्या शेजारच्या विणकराच्या खळीच्या पातेल्यावर वाफवून वाकवल्या. ताण्याला पाजायची ती पिठाची खळ, तिचा आंबूस वास त्या लाकडाला कितीतरी दिवस येत होता. तारांसाठी तो पिंजाऱ्याकडे गेला आणि कापूस पिंजायच्या धनुष्याला लावतात तसली, पण बारीक तात निवडून घेऊन आला. सगळं झाल्यावर, पाठ चिकटवायच्या आधी, त्याने तापलेल्या सळईने आतल्या बाजूला खूण उमटवली. एक आडवी रेघ, तिच्याखाली तीन ठिपके. त्याच्या प्रत्येक धोट्यावर तीच असायची.

"खूण कशाला, चाचा?"

"धोटा चिर गया तो झगडने कू आते ना लोगां. घर मालूम होना की." आणि तो हसला. त्याला पुढचे दात नव्हते.

उरलेल्या लाकडाचं त्याने आपल्या मनाने दुसरं एक करायला घेतलं होतं, साध्या मापाचं, मास्तरांना दाखवायला.

माझं वाद्य हातात आलं तेव्हाचं सुख मी नाकारत नाही. ताठ बोट आपोआप तारेवर जाऊन बसत होतं. जगात एवढी एकच वस्तू अशी होती, जी माझं व्यंग धरून केलेली होती. असं काही आपल्याकडे असण्याची गोडी काय असते, ते मला कळलं. ती गोडी पुरी एक संध्याकाळ टिकली. घरी बायको म्हणाली, "अहो, हे सतारीचं पिल्लू कुठून आणलंत? दूध पाजायचं का याला?" तिचं मी मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गिरणीत एका कारकुनाने नुसतं विचारलं, "काय रे, कुणाकडून ठोकून घेतलंस? त्या धोटेवाल्याकडे बसतोस म्हणे," आणि ती गोडी तिथेच संपली. आज लोक 'मुद्दाम बनवून घेतलं' हे छाती फुगवून सांगतात. तेव्हा बनवून घेतलेलं म्हणजे विकत घ्यायची ऐपत नसलेलं. तयार आलेलं, पेटीतून आलेलं, बोटीतून आलेलं, तेच खरं.

"छे, तिथे खुंटी बसवायला दिलं होतं," मी म्हणालो. "जर्मनीचं आहे. मामा बोटीवर आहेत ना."

मला असे कुठलेही मामा नव्हते.

पुरावा हवा म्हणून मी रंगाच्या एका डब्याचं लेबल भिजवून काढलं. वर सिंह, खाली जर्मन अक्षरं. त्यात बहुधा हा रंग विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा, असं काहीतरी लिहिलं असावं. घरी मांडणीवरच्या वाडग्यातली, कपड्यांना घालायची खळ बोटावर घेऊन ते मी भोकातून आत सरकवलं आणि बरोबर त्या रेघेवर, त्या तीन ठिपक्यांवर दाबून बसवलं. खादीची टोपी तेव्हा डोक्यावरच होती.

पुढच्या शनिवारी क्लबात यायला मी चाचाला आधीच सांगून ठेवलं होतं. 'येऊ नका' असं सांगायला मला चार दिवस होते. मी गेलो नाही. वाटलं, फाटकावरचा पठाण त्याला आत सोडणार नाही. माझा सगळा भरवसा त्या पठाणावर होता.

पाचच्या सुमारास मी व्हरांड्यात वाजवत होतो. मास्तरांनी थांबवलं, वाद्य मागून घेतलं आणि पोटावर बोटाने टिचकी मारली. कान लावून ऐकलं. गळ्यावरून हात फिरवला. "हा गळा बारीक आहे," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "बाबा, हे कोण बनवला? हात चांगला आहे. माझे दोन बँजो इथल्या उन्हाने उकलले, प्रत्येक वेळी मुंबईला पाठवायचा. असा माणूस मला इथे पाहिजे."

मी तोंड उघडण्याआधीच आमच्यातला एक म्हणाला, "मास्तर, आत लेबल बघा की. जर्मन आहे."

मास्तरांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे. "खरं?"

आणि तेव्हाच मला पायरीशी चाचा दिसला. इस्त्रीचा पांढरा पायजमा, कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत हत्यारांखेरीज आणखी काहीतरी होतं, ते गोलसर फुगलेलं होतं. पठाणाने त्याला सोडलं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि दात नसलेल्या तोंडाने थोडासा हसत होता. त्याला सगळं ऐकू येईल इतका तो जवळ होता.

"खरं आहे," मी म्हणालो. "जर्मनीहून आलंय."

"आणि हे कोण?" मडमेने पायरीकडे बोट केलं.

"खुर्ची दुरुस्त करायला बोलावलाय."

मला आजवर अनेकदा वाटलं आहे, की त्याने तेव्हा पिशवी माझ्या तोंडावर फेकायला हवी होती. मी त्याच्या जागी असतो तर फेकली असती, असंही मी स्वतःला सांगत आलो, तेही खोटंच. तो पायऱ्या चढून आला, चपला काढल्या आणि मला विचारलं, "कौनसी, साब?"

त्याआधी त्याने मला कधी साब म्हटलं नव्हतं.

मी समोर होती त्या खुर्चीकडे हात केला. ती खरंच डुगडुगत होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात कुठली वेताची खुर्ची डुगडुगत नाही? त्याने कोट काढून घडी करून ठेवला, खाली बसला, पिशवीचं तोंड जेमतेम हात जाईल एवढं उघडून पटाशी आणि हातोडी काढली. एक पाचर तासली, पायाच्या सांध्यात ठोकली, खुर्ची चारही पायांवर दाबून पाहिली. तोपर्यंत मी वाजवत होतो. तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर. बाकीचे तिघे टाळ्यांचा ठेका देत होते. त्याने कोट चढवला, कुणाकडे न बघता सलाम केला आणि निघून गेला. पिशवी जशी फुगलेली आली तशीच गेली.

मास्तर त्या खुर्चीपाशी गेले. वाकून पाचरीवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला त्यांनी एवढी जागा ठेवली होती. मी पेला उचलला आणि चहा प्यायलो. बँजो मुंबईलाच जात राहिले.

त्या बोळातून जाणं मी सोडून दिलं. लांबच्या रस्त्याने गिरणीत जायचो आणि घरी सांगायचो, व्यायाम होतो. पावसाळा उलटल्यावर एकदा नाइलाजाने तिथून जावं लागलं तर दुकान बंद. शेजारच्या, खळीच्या पातेल्याच्या विणकराने मला ओळखलं.

"चाचा कुंभारीला गेला की, लेकीकडं. नजर गेली त्याची," तो म्हणाला. "ते दुसरा बाजा पण संगट नेलाय. कुणाला तर दाखवायचं हाय म्हणत व्हता."

कुंभारी काही विलायतेत नव्हती. सकाळी निघालं तर जेवायच्या आधी परत येता आलं असतं. मी गेलो नाही. पुढे लग्नकार्यं, बढती, मुलं, सगळ्यात ते जर्मन वाद्य मिरवलं. एका पाहुण्याने तर लेबल वाचून दाखवलं आणि त्या गावी आपण जाऊन आलो असंही सांगितलं. अशा लोकांत मी आयुष्य काढलं आणि त्यांच्यात मी कमी नव्हतो.

गेल्या आठवड्यात, घरात कुणी नसताना, मी कपाट उघडलं. खळ म्हणजे शेवटी पीठच. कसरीने लेबल बरंचसं खाल्लं होतं. सिंहाचं फक्त शेपूट आणि चार जर्मन अक्षरं उरली होती. काडीला ओला कापूस गुंडाळून मी उरलेलं खरवडून काढलं. रेघ आणि तीन ठिपके काल भाजल्यासारखे काळे होते.

नातू आला तेव्हा वैतागला. "आजोबा, लेबल काढलंत? आता याला काय अर्थ राहिला?"

मी त्याला सगळं सांगितलं. पायरी, कोट, खुर्ची, काहीही गाळलं नाही. त्याने नीट ऐकून घेतलं, मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे कस्टम-मेड. हँडमेड. अहो, याचं तर आता जास्त कौतुक आहे. मी बाजूला एक छान पाटी करून लावतो. नाव काय त्यांचं?"

"चाचा," मी म्हणालो.

"ते झालं हो. खरं नाव?"

मी महिनाभर त्या माणसाच्या दुकानात बसलो होतो. माझं बोट असं कसं झालं ते त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

पाटी लावू नकोस, असं मी नातवाला सांगितलं आहे. ज्यांच्या घरी हातमागाचा जुना धोटा अजून पडून असेल त्यांनी तो उलटा करून बघावा. आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके असतील तर तो त्याच्या हातचा. कुंभारीकडे कुणाच्या माळ्यावर चार खुंट्यांचं एखादं लहान वाद्य सापडलं आणि त्याच्या आत हीच खूण दिसली, तर तेही त्याचंच. आणि त्याच्यावरून कुणाला भांडायचं असेल तर माझ्या घरी यावं.