गुंडाची बाजू

शिवाजी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये खालच्या मजल्यावर एक हेडक्लार्क राहतात. निवृत्तीला आले, तरी रोज संध्याकाळी चहाबरोबर एक जुनी कार्टून मालिका बघतात. काळोखं शहर, मुखवटा घातलेला नायक. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "नायकाला सोडा हो. यातल्या गुंडांकडे बघा. प्रत्येकजण असा का झाला, ते नीट सांगतात. आमच्या खात्याच्या चौकशीत एवढं कोण ऐकतं?"

परवा त्यांचीच स्कूटर ढकलत नेणारा माणूस लोकांनी पकडला. चारजण मारायला धावले. हेडक्लार्क बनियनवरच बाहेर आले आणि मध्ये उभे राहिले.

"पहले इसकी बात तो सुन लो."

त्यांनी त्याला पायरीवर बसवून पाणी दिलं. तो सुटलेल्या नोकरीबद्दल, आजारी बायकोबद्दल सांगू लागला, तसे लोकांचे हात खाली आले. हे चहा सांगायला आत वळले, तेवढ्यात तो स्टीलच्या पेल्यासकट कुंपणावरून पळाला.

सगळ्यांनी ह्यांनाच धारेवर धरलं. मग हे मला हळूच म्हणाले, "बायकोला काय झालंय, ते विचारायचं राहूनच गेलं."