फ्रॉकची दुमड

दौंड स्टेशनसमोर आमचं तयार कपड्यांचं दुकान होतं. दिवाळीत लोक पोरांसाठी वाढत्या अंगाचेच कपडे नेत; दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत. रेल्वेतले एक मामा मात्र अगदी मापाचा फ्रॉक मागत. त्यांची मुलगी आईबरोबर शिरूरला, आजोळी. हे रेल्वेच्या चाळीत एकटे. गर्दी पांगेपर्यंत पायरीवर थांबत, मग कोटाच्या बटणावर हात ठेवून म्हणत, “औंदा हितवर आली असंल.” दर दिवाळीला हात एक बटण वर सरके.

एकदा त्यांनी झालरीचा गुलाबी फ्रॉक निवडला, उलटा केला आणि आतली दुमड चाचपली.

“एवढी कापून टाका.”

“मामा, राहू द्या की. पुढच्या वर्षी उसवून लांब करता येईल.”

“म्हणूनच म्हंतोय. लांब झाला तर पुढल्या दिवाळीला नवा लागायचा न्हाई. मग काय सांगून त्यांच्या दारात उभं ऱ्हायचं?”

मी कात्री चालवली. ते तसेच बटणावर हात ठेवून उभे होते. त्याच्या वर आता एकच बटण उरलं होतं.