दिसत नसलेलं बटण
द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवणारं ॲप मी एकट्यानेच बनवलं होतं. एका बाईंनी त्याला एकच स्टार दिला आणि लिहिलं, ‘सेव्हचं बटण नाही.’ ‘खालीच आहे, नीट बघा,’ असं मी तीनदा कळवलं. शेवटी वैतागून, पत्ता विचारून, दिंडोरीला त्यांच्या बागेत गेलो. त्यांनी मोबाइल पुढे केला. “दाखवा बरं, कुठं हाय?” नीट दिसावं म्हणून त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवली होती आणि बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं. मी ओशाळलो. आधीच स्क्रीनचा एक फोटो मागवायला काय झालं होतं मला? त्याच दिवशी दुरुस्ती केली, पण ती ॲप स्टोअरकडून मंजूर व्हायला आठवडा गेला. मग त्यांना फोन केला. “राहू द्या दादा,” त्या म्हणाल्या, “मी फवारणीची वही घातलीय आता.”